सोळा ते अठरा

(दृश्य: मुंबई, डोंगरी. निरीक्षणगृहाचं फाटक.)

कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर 1882 साली 101 दिवस राहिले, तो डोंगरीचा तुरुंग इथलाच. आता इथे मुलं असतात. गुन्ह्याचा आरोप असलेली; कायद्याच्या भाषेत, विधिसंघर्षग्रस्त बालकं.

जवळच नागपाड्यात 1936 साली क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी समाजकार्याचं शिक्षण सुरू केलं. तीच संस्था पुढे देवनारला गेली आणि 'टिस' (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) म्हणून नावारूपाला आली. तिथे बालक आणि कुटुंब ही एक शाखा, गुन्हेशास्त्र आणि न्याय ही दुसरी. विद्यार्थी एक निवडतो. मग फिल्डवर्कला अशा मुलांची प्रकरणं ऐकणाऱ्या बाल न्याय मंडळात येतो, आणि समोरच्या पोराला शाखा-बिखा काही ठाऊक नसतात.

(दृश्य: टेबलावर एक कोरा फॉर्म.)

हा सामाजिक तपासणी अहवाल, नमुना 6. मुलाला मंडळापुढे पहिल्यांदा उभं केलं की पंधरा दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसरने) तो द्यायचा असतो. प्रश्न वाचा. शाळा का सोडली? मित्र बरोबरीचे की वयाने मोठे? कमाई असेल तर ती कुठे जाते: घरी, कपड्यांवर, जुगारात, की नशेत? गुन्हा उलगडायचा तर आधी त्याचं बालपण वाचावं लागतं. घाईघाईत 'हो-नाही'च्या खुणा करून भरला, तर मात्र हा फॉर्म नुसता कागद.

(दृश्य: पुणे, कल्याणीनगर. रात्रीची वाहतूक.)

19 मे 2024. भरधाव पोर्शे, दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू, गाडी चालवणारा सतरा वर्षांचा. त्याच दिवशी जामीन, आणि अट म्हणून 300 शब्दांचा निबंध. लोक भडकले, आणि भडकणारच. पण 'प्रौढ म्हणून खटला चालवा' ही मागणी कायद्यात सहज बसत नव्हती. 2015 च्या बाल न्याय कायद्याने ते दार फक्त सोळा ते अठरा वयासाठी आणि निर्घृण गुन्ह्यांपुरतं उघडलं. म्हणजे किमान शिक्षाच सात वर्षांची हवी. तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेत सदोष मनुष्यवधाला किमान शिक्षा ठरवलेलीच नव्हती. असे गुन्हे 'गंभीर'मध्ये मोडतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्येच सांगितलं होतं. जुलै 2025 मध्ये मंडळाने पोलिसांची मागणी फेटाळली.

गुन्हा निर्घृण असला की खरी कसोटी लागते. मुलाची मानसिक आणि शारीरिक क्षमता किती, परिणाम कळत होते का, घडलं कोणत्या परिस्थितीत? हे मंडळाने तीन महिन्यांत ठरवायचं. मंडळावर बालमानसशास्त्राची किंवा बालमानसोपचाराची पदवी असलेलं कोणी नसेल, तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असं 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं.

(दृश्य: मंडळाची खोली. तीन खुर्च्या.)

एक दंडाधिकारी, दोन समाजसेवक. त्यांत किमान एक महिला. समाजसेवकाला मुलांसोबतच्या सात वर्षांच्या कामाचा अनुभव हवा, नाहीतर बालमानसशास्त्र, मानसोपचार, समाजशास्त्र किंवा कायद्याची पदवी आणि त्या क्षेत्रातला व्यवसाय.

गुन्हेशास्त्र या यादीत नाही.