रोहीची धडक आणि ‘फुल इन्शुरन्स’

पांढरकवडा रस्त्यावरच्या या गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या फुटलेल्या जाळीत रोहीचे, म्हणजे नीलगायीचे, करडे केस अजून अडकलेले आहेत. रात्री तुरीच्या वावरातून उसळी मारून तो थेट बॉनेटवर आला. कायद्याने सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा अशा वेळी कामाचा नसतो, कारण तो समोरच्याच्या नुकसानीसाठी असतो. या गाडीचा विमा मात्र, गावात म्हणतात तसा, ‘फुल इन्शुरन्स’ आहे, म्हणजे स्वतःच्या गाडीचे नुकसानही त्यात धरलेले आहे.

मेकॅनिक एकेक भाग उतरवून पोत्यावर मांडतो आहे आणि नुकसान तपासायला आलेला विम्याचा सर्व्हेअर फोटो काढून प्रत्येक भाग यादीत टिपतो आहे. सगळा हिशेब या यादीतच ठरतो. बंपर प्लास्टिकचा असल्यामुळे, गाडी कालच घेतलेली असली तरी, त्याच्या किमतीतून ५० टक्के घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली धरलेली किंमत, वजा होतो. टायर, ट्यूब आणि बॅटरीलाही हाच नियम आहे. काचेला घसारा लागत नाही, म्हणून ही तडकलेली काच पूर्ण किमतीने धरली जाईल. पत्र्याचा घसारा गाडीच्या वयावर अवलंबून असतो: पहिले सहा महिने काहीच नाही, पाच वर्षांनंतर ४० टक्के आणि दहा वर्षांनंतर ५० टक्के. रंगकामाच्या एकत्रित बिलातला २५ टक्के भाग रंगाचा समजून त्यातलाही निम्मा कापतात. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला मालकाने स्वतः सोसायची १,००० रुपयांची सक्तीची वजावट असतेच. घसाऱ्याची ही कात्री टाळणारे ‘झिरो डेप’ हे जादा संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावे लागते, आणि विमा उतरवताना ते समजावून सांगायला सहसा कोणाला सवड नसते.

मागच्या काचेवर ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ ही अक्षरे अर्धवट खरवडलेली दिसतात. त्यांच्यावर बोट ठेवून सर्व्हेअर विचारतो, “वऱ्हाडाचं भाडं मारत होते का?” खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याची वाहतूक बसत नाही, त्यामुळे या एका उत्तरावर अख्खा दावा अडू शकतो. “नाही जी, साळ्याचं लग्न होतं,” मालक सांगतो.

या दाव्यामुळे नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूटही जाईल, आणि बिलातला उरलेला वाटा कापसाच्या चुकाऱ्यातून भरावा लागेल. मालक पॉलिसीचा कागद उघडून बॉनेटवर पसरतो. त्याच्या घड्या अजून कोऱ्या आहेत.