उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी का येते?

नमस्कार श्रोतेहो.

रंगपंचमीची दुपार होती. माझा भाचा, वय वर्षं 23, नदीपलीकडच्या मित्रांकडून थंडाई पिऊन सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी आला आणि सतरंजीवर आडवा झाला. तासाभराने ताईने हाक मारली, "ऊठ रे, चहा झालाय." तो उठला, दोन पावलं टाकली आणि दाराची चौकट धरता धरता खाली बसला. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. "मामा, अंधारी आली," एवढंच बोलला. मी मनगट धरलं. नाडी 124. त्याला उताणं निजवलं, पायांखाली दोन उशा सरकवल्या, तेव्हा पाच मिनिटांत चेहऱ्यावर रंग आला. थंडाईत भांग होती, हे त्याने नंतर सांगितलं.

ताई म्हणाली, उपाशी होता म्हणून झालं असेल. मी बरीच वर्षं वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवलं आहे. मला कारण दुसरीकडे दिसत होतं.

आपण उभे राहतो तेव्हा साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. तरी रोज सकाळी आपण पडत नाही. मानेतल्या मोठ्या धमन्यांमध्ये आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत मज्जातंतूंची अशी टोकं असतात, की धमनीची भिंत किती ताणली गेली आहे हे त्यांना क्षणोक्षणी कळतं. ताण कमी झाला की मेंदूच्या तळाशी, ब्रेनस्टेममध्ये, वर्दी जाते. तिथून हुकूम सुटतो: हृदयाचे ठोके वाढवा, रक्तवाहिन्या आवळा. हे सगळं काही सेकंदांत उरकतं. याला बॅरोरिफ्लेक्स म्हणतात.

या कारभारात मेंदू स्वतःच तयार करत असलेला एक पदार्थ हात घालतो. भांगेतला नशा आणणारा घटक, टीएचसी, इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी 1964 साली वेगळा केला. तो मेंदूतल्या पेशींवरच्या ज्या ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, चिकटतो, त्या सीबी-वनची जनुकीय ओळख 1990 मध्ये पटली. मग साहजिकच प्रश्न आला, की भांगेसाठी मेंदूने कुलूप कशाला बसवून ठेवलं असेल? त्याची स्वतःची किल्ली 1992 मध्ये जेरुसलेमला मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेत सापडली, आणि तिला नाव दिलं आनंदामाइड. हो, आपल्या संस्कृतातल्या 'आनंद' शब्दावरून. वर्गात हे सांगताना मला दरवेळी भरून यायचं.

या पदार्थाची चाल उलटी आहे. एरवी एक चेतापेशी पुढच्या पेशीला निरोप देते. इथे निरोप मिळालेली पेशी मागे कळवते, "पुरे, जरा दमानं घे." आता हे दमानं घ्यायला कोणाला सांगितलं, त्यावर सगळं ठरतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं, की धमन्यांची वर्दी जिथे पहिल्यांदा पोचते तिथे हा पदार्थ आवर घालणाऱ्या पेशींनाच गप्प करतो. आवरणाराच आवरला गेला, की रिफ्लेक्स अधिक तल्लख होतो. त्याच ब्रेनस्टेममध्ये थोडं पुढे, रक्तवाहिन्या आवळण्याचे हुकूम जिथून सुटतात तिथे, तोच ग्राहक चेतवला की रक्तदाब चढतो. पदार्थ एक, जागा दोन, परिणाम वेगवेगळे. म्हणून मेंदू तो हवा तिथे, हवा तेवढाच बनवतो आणि काम झालं की विकरं, म्हणजे एन्झाइम्स, तो लगेच मोडून टाकतात.

भांगेला हा विवेक नाही. टीएचसी रक्तातून सगळीकडे एकदम पोचतं आणि तासन् तास रेंगाळतं. रक्तवाहिन्यांवरही त्याचा थेट परिणाम होतो. म्हणून नाडी धावते, बसल्या जागी दाब थोडा चढतो आणि उभं राहिलं की धाडकन उतरतो. माझ्या भाच्याचं नेमकं हेच झालं होतं.

सारसबागेत सकाळी फिरताना कोणी ना कोणी विचारतंच, "डॉक्टर, भांग नैसर्गिक आहे, मग बीपीच्या गोळीऐवजी चालेल का?" मी कळकळीने सांगतो, नाही. आधीच गोळी चालू असेल तर उभं राहताना दाब आणखी घसरेल. हृदयाचा त्रास असलेल्याला तर 124ची नाडी सोसवणारही नाही. उलट बाजूने, म्हणजे सीबी-वन अडवूनही, माणसाने प्रयोग करून पाहिला आहे. रिमोनाबँट नावाचं औषध 2006 मध्ये युरोपात वजन कमी करण्यासाठी आलं. नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढल्याचं दिसल्यावर 2008 मध्ये तिथे त्याची विक्री थांबवावी लागली. तोच ग्राहक मनाचा तोलही सांभाळतो.

उठताना अंधारी येत असेल तर घरी एक करून पाहा. पाच मिनिटं पडून राहा आणि दाब मोजा. मग उभे राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा 20ने किंवा खालचा 10ने उतरला, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. भांग घेतली असेल तर तेही न लाजता सांगा.

त्या संध्याकाळी भाच्याचा वरचा आकडा पडून असताना 118 होता, उभा राहिल्यावर 92. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी पुन्हा मोजला. पडून 116, उभ्याने 114. ताईने ते दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवले आहेत.