हुडिया: भूक मारणाऱ्या झाडाची तपासणी

[दृश्य: कालाहारीची लालसर वाळू, खुरटी झुडपं, मधेच काटेरी खोडांचा झुपका]

दिसायला निवडुंग, पण हे निवडुंग नाही. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं आपली रुई आणि सह्याद्रीतली कंदीलपुष्पं ही याची भाऊबंद. फूल बशीसारखं पसरट, मांसाच्या रंगाचं, आणि वासही सडक्या मांसाचा. परागीभवनाचं काम इथे माश्या करतात, त्यांना बोलवायला हा वास. झाडाचं नाव हुडिया गॉर्डोनाय. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातल्या कोरड्या प्रदेशात ते वाढतं.

जुन्या पुस्तकांत ज्यांना बुशमन म्हटलंय, ते सान लोक या झाडाला पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. शिकारीचा माग काढत लांबवर चालायचं, सोबत अन्न नाही, पाणी बेताचं. अशा वेळी खोडाचा तुकडा कापायचा, काटे तासायचे आणि कडवट गर चघळायचा. तहान-भूक दबते.

[दृश्य: प्रयोगशाळा, काचेची उपकरणं]

1963 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं रानातल्या खाण्याजोग्या वनस्पतींची तपासणी हाती घेतली. यादीत हुडिया होतं. अर्क दिलेले प्राणी कमी खाऊ लागले, त्यांचं वजन उतरलं. पण हे नेमकं कशामुळे होतं, ते वेगळं काढून दाखवण्याइतकी यंत्रं तेव्हा हाताशी नव्हती. काम रेंगाळलं. पुढे रेणूची रचना उलगडली, त्याला पी-57 असं नाव पडलं आणि 1995 मध्ये पेटंटचा अर्ज गेला.

हे साल मराठी प्रेक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या काळात भारताच्या सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द करवलं. आपली सीएसआयआर परंपरेच्या बाजूनं लढत होती, आणि तिकडची सीएसआयआर स्वतःच्याच देशातल्या सान लोकांना न विचारता पेटंट घेत होती. मला तरी यातला दुसरा प्रकार जास्त बोचतो. परक्यानं नेलं तर निदान ओरडता येतं.

पेटंटचा परवाना फायटोफार्म या ब्रिटिश कंपनीकडे गेला आणि तिच्याकडून फायझर या बड्या औषध कंपनीकडे. 2001 मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्रानं प्रकरण बाहेर काढलं, तेव्हा फायटोफार्मकडून खुलासा आला की हे ज्ञान ज्यांचं होतं ते लोक आता उरलेच नाहीत, असा आपला समज होता. त्या वेळी दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोत्स्वाना आणि शेजारच्या देशांत मिळून साधारण एक लाख सान लोक राहत होते.

[दृश्य: कालाहारीत खुर्च्या मांडून बसलेली सभा]

मग वाटाघाटी झाल्या. मार्च 2003 मध्ये कालाहारीतच करारावर सह्या झाल्या. संशोधनाच्या टप्प्यांवर सीएसआयआरला मिळणाऱ्या रकमेतले 8 टक्के आणि स्वामित्वशुल्कातले, म्हणजे रॉयल्टीतले, 6 टक्के सान लोकांना. ऐकायला बरं वाटतं. पण हे 6 टक्के औषधाच्या विक्रीवर नव्हते. विक्रीतून फायटोफार्मच्या हाती काय येईल, त्यातून सीएसआयआरला किती मिळेल, आणि मग त्याचे 6 टक्के! शिवाय पेटंटवर मालकी सीएसआयआरचीच. तरीही सान लोकांच्या वतीनं बोलणाऱ्या सान परिषदेनं सही केली. कोर्टात वर्षानुवर्षं झगडण्यापेक्षा टेबलावर जे आहे ते घ्यावं, हा त्यांचा निर्णय मला शहाणपणाचाच वाटतो.

त्याच वर्षी फायझरनं अंग काढून घेतलं. 2004 मध्ये युनिलिव्हर आली. वजन उतरवणाऱ्या पेयांत हुडिया घालायचा बेत होता.

आता शास्त्र काय सांगत होतं ते पाहू, कारण खरी गुंतागुंत तिथेच आहे. 2004 मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात पी-57 थेट उंदरांच्या मेंदूत सोडलं गेलं. भुकेचं नियंत्रण करणाऱ्या भागातल्या पेशींत ऊर्जा साठवणारा एटीपी हा रेणू वाढला, आणि पुढच्या चोवीस तासांत उंदरांचं खाणं 40 ते 60 टक्क्यांनी घटलं. जणू पोट भरल्याची खोटी वर्दी मेंदूला मिळाली. पण माणूस काही मेंदूत सुई टोचून घेणार नाही, तो गिळणार. पुढच्या प्रयोगांत दिसलं की जठरातल्या आम्लासारख्या द्रवात पी-57 तासाभरात मोडतं. तोंडावाटे दिलेल्या उंदरांच्या मेंदूत तर ते सापडलंच नाही.

[दृश्य: दुकानातल्या गोळ्यांच्या बाटल्या]

दरम्यान बाजार थांबला नव्हता. इंटरनेटवर हुडियाच्या गोळ्यांचा पूर आला. कित्येक गोळ्यांत हुडिया नावालाही नव्हतं. रानातली चोरटी तोड इतकी वाढली की 2005 पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली परवान्यात आणावा लागला.

2008 च्या अखेरीस युनिलिव्हरनंही माघार घेतली. का, ते 2011 मध्ये छापलेल्या चाचणीतून कळतं. जादा वजनाच्या 49 निरोगी स्त्रियांना 15 दिवस दह्याच्या पेयातून शुद्ध केलेला अर्क किंवा नुसतंच पेय दिलं. खाण्यात आणि वजनात दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. उलट अर्क घेणाऱ्यांना मळमळ झाली, उलट्या झाल्या, रक्तदाब आणि नाडी वाढली, यकृताशी संबंधित काही आकडेही चढले.

म्हणून सान लोकांचा अनुभव खोटा ठरतो का? नाही. चाचणीतल्या स्त्रियांसमोर अन्न होतं आणि पेयात होता कारखान्यातला अर्क. रानात ताजा गर चघळणाऱ्या माणसाकडे खायला दुसरं काही नसायचं. त्या गराची तशी चाचणी या प्रयोगात झालीच नव्हती.

[दृश्य: केपमधला रुइबॉसचा मळा]

औषध आलं नाही, त्यामुळे करारातली मोठी रक्कमही आली नाही. पण सान परिषद वाटाघाटी शिकली. 2017 मध्ये त्यांनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता काढली. आता सान वस्तीत नमुने गोळा करायचे तर आधी परिषदेशी बोलायचं, आणि निष्कर्ष परत येऊन सांगायचे. 2019 मध्ये रुइबॉस या तिकडच्या झुडपापासून होणाऱ्या चहाबद्दल सान आणि खोई या तिथल्या मूळ समाजांचा चहा-उद्योगाशी करार झाला. या वेळी वाटा थेट शेतातल्या किमतीवर होता, दीड टक्का. 2022 मध्ये पहिला हप्ता जमा झाला, सुमारे 1 कोटी 22 लाख रँड (दक्षिण आफ्रिकेचं चलन).