केळशीच्या वाळूला कोण काय विचारतं

(दृश्य: केळशीची पुळण. पहाट. सुकती, म्हणजे ओहोटी, लागलेली.)

दापोली तालुक्यात भारजा नदी समुद्राला मिळते तिथे केळशी आहे. बाहेरचं माणूस इथे येतं ते महालक्ष्मीच्या देवळात, नाहीतर याकूब बाबांच्या दर्ग्यावर. खाडीच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या टेकडीकडे सहसा कुणी वळत नाही. आज आपण तिथेच थांबणार आहोत.

(जवळून: टेकडीची उघडी पडलेली कड.)

वरची वाळू फिकट, मोकळी. तिच्याखाली काळसर पट्टा, त्यात शिंपल्यांचा चुरा. आणि हे बघा, खापर. अंगठ्याच्या नखाएवढं. आतून तांबूस, बाहेरून काजळी धरलेलं. कुणाच्या तरी चुलीवर चढलेलं मडकं होतं हे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी या टेकडीचा अभ्यास केला. खापरं, हाडं, कोळसा आणि बहमनी काळातली तांब्याची नाणी त्यांना मिळाली. नाण्याचं एक बरं असतं. ते पाडल्याशिवाय मातीत पडू शकत नाही, त्यामुळे ज्या थरात ते सापडलं तो थर त्याच्याआधीचा नसतो. पण किती वर्षांनंतरचा, हे नाणं सांगत नाही. आणि एवढी वाळू इथे चढली कशी, हे तर नाहीच नाही.

(दृश्य: खोल समुद्र. क्षितिजावर एक होडी.)

त्याचा माग काढायला आता इथून दक्षिणेला, दाभोळच्या समुद्रात जाऊ. साल 1524, महिना सप्टेंबर. वास्को द गामा तिसऱ्यांदा हिंदुस्थानात येतो आहे, या वेळी व्हाइसरॉय म्हणून. वारा पडलेला, आणि अचानक गलबतं थरथरू लागतात. खलाशी घाबरतात. गामा त्यांना धीर देतो: भिऊ नका, समुद्रच आपल्याला भिऊन कापतो आहे. पोर्तुगीज बखरकारांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

इतिहासाचा विद्यार्थी इथे लगेच विचारतो, हे सांगतंय कोण? आपल्या न्यायदर्शनाने ज्ञानाची चार प्रमाणं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं, विश्वासू माणसाचं सांगणं. मग जोआंव द बारोस हा बखरकार आप्त मानायचा का? तो मोठा अभ्यासू, पण त्याने हिंदुस्थान कधी पाहिलाच नव्हता. गाश्पार कोरैया मात्र इथे राहिलेला होता. दोघांची नोंद ताडून बघायची, एकाने दुसऱ्यावरून उतरवून घेतलं का तेही तपासायचं. चिकाटीचं काम आहे हे, आणि मला त्याचं फार मोल वाटतं.

साहित्याचा अभ्यासक गामाच्या त्या वाक्यापाशी रेंगाळतो. पुढे 1572 साली छापलेल्या पोर्तुगीज महाकाव्यात हाच प्रसंग येतो, पण देवाच्या तोंडी, भविष्यवाणी म्हणून. वारा नसताना समुद्र उसळेल, वरुणासारखा जलदेवही या वीराला भिऊन कापेल, असं तिथे म्हटलं आहे. समुद्राखालच्या एका भूकंपाची अशी विजयगाथा झाली. ज्या दाभोळच्या समुद्रात हे घडलं, ते बंदर पोर्तुगीजांनी 1508 च्या डिसेंबरअखेरीला जाळून लुटलं होतं. हे माहीत असलं की 'समुद्र आपल्याला भितो' हे वाक्य वेगळंच ऐकू येतं.

(दृश्य: किनाऱ्यावर जाळं शिवणारे हात.)

भूगर्भशास्त्र आणखी एक गाठ सोडवतं. खोल पाण्यात गलबत थरथरतं ते समुद्रतळाच्या हादऱ्याने. भूकंपाने उठलेली लाट तिथे जेमतेम जाणवते, ती फुगते किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात. म्हणजे गलबतावरचा माणूस भूकंपाचा साक्षीदार झाला, लाटेचा नाही. लाटेची साक्ष द्यायची तर ती किनाऱ्यानेच. केळशीच्या वाळूत ती साक्ष आहे, असं काही संशोधक म्हणतात. पण वाळू वाऱ्यानेही चढते, म्हणून शिंपले आणि कोळशाचं वय काढावं लागतं, थरांची मांडणी पुन्हापुन्हा बघावी लागते. अरबी समुद्रात असं होऊ शकतं, याबद्दल मात्र शंका नाही. 28 नोव्हेंबर 1945 ला पाकिस्तान-इराणकडच्या मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला, तेव्हा लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या.

मग भाषा काय म्हणते? कोकणच्या बोलीत मोठ्या भरतीला उधाण आहे, लहान भरतीला भांग आहे, ओहोटीला सुकती आहे, वाळूच्या किनाऱ्याला पुळण आहे, खाऱ्या दलदलीला खाजण आहे. या लाटेला मात्र खास शब्द सापडत नाही. 'त्सुनामी' आपल्या घरोघरी पोचला तो डिसेंबर 2004 नंतर. मुळात जपानी शब्द: त्सु म्हणजे बंदर, नामी म्हणजे लाट. शब्द नाही म्हणून लाट आलीच नाही, असं भाषाशास्त्र म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्यांत एखादीच येणारी गोष्ट बोलीत टिकत नसेल. तिची आठवण टिकलीच असेल, तर ती एखाद्या नवसात, जागेच्या नावात किंवा नारळी पौर्णिमेच्या गाऱ्हाण्यात शोधावी लागेल. त्यासाठी वहीपेन घेऊन वाडीवाडीत जायचं, म्हाताऱ्या माणसांपाशी बसायचं आणि मध्ये न बोलता ऐकायचं. हे मानवशास्त्राचं काम. बोलणारी माणसं आहेत तोवरच ते होऊ शकतं, म्हणून मला त्याची सगळ्यांत जास्त घाई वाटते.

(जवळून: पुन्हा तेच खापर.)

गलबतावरच्या माणसाने गलबतापुरतं लिहिलं. किनाऱ्यावर तेव्हा कोण राहत होतं, त्याची ओळ त्याच्याकडे नाही. ती या काजळीत असू शकते. मडक्याच्या अंगात मुरलेला स्निग्धांश आज प्रयोगशाळेत ओळखता येतो, मासळीचा वेगळा, दुभत्याचा वेगळा. चुलीच्या राखेत जळका दाणा मिळाला, तर तो भाताचा की नाचणीचा, तेही कळतं.

खापर आम्ही उचललं नाही. ज्या थरात होतं तिथेच आहे.

(दृश्य: भरती. पाणी खाडीत शिरतं आहे.)