बेलफास्टचा क्राउन पब: बॉम्बस्फोटांतून वाचलेली व्हिक्टोरियन सजावट

नमस्कार. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहराच्या मध्यभागी, ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीटवर, ‘क्राउन लिकर सलून’ नावाचा पब आहे. एकोणिसाव्या शतकातली त्याची अंतर्गत सजावट आजही जागच्या जागी आहे आणि ती कशी टिकली, हे आज आपण पाहणार आहोत.

हा पब पूर्वी ‘रेल्वे टॅव्हर्न’ म्हणून ओळखला जाई. त्याला आजचे रूप दिले ते पॅट्रिक फ्लॅनिगन यांनी, 1880च्या दशकात. त्या काळी आयर्लंडमध्ये चर्चच्या बांधकामांसाठी इटालियन कारागीर आलेले होते; दिवसाचे काम आटोपल्यावर त्यांनीच इथल्या रंगीत काचा, टाइल्स आणि लाकडावरील कोरीवकाम केले, असे सांगितले जाते. लाल ग्रॅनाइटचा लांबलचक काउंटर पाहताना चर्चमधल्या वेदीची आठवण होते, ती उगीच नव्हे.

मला सर्वांत मोलाचे वाटतात ते इथले दहा लाकडी कप्पे. चारचौघांत पिताना दिसू नये, अशी इच्छा असलेल्या गिऱ्हाइकांसाठी ही दारे असलेली बंदिस्त बैठक होती. आत घंटेची कळ आहे. ती दाबली की वेटरला वर्दी जाई. भिंतीवर गनमेटल या मिश्रधातूची छोटी पट्टी आहे, तिच्यावर काडी ओढून लोक विडी-चिरूट पेटवीत. त्या काळची भिडस्त, प्रतिष्ठा जपणारी समाजरीत या एवढ्याशा जागेत जशी कळते, तशी ती संग्रहालयातल्या काचेआडून कळणार नाही.

प्रवेशद्वारापाशी जमिनीवर मोझेकचा मुकुट आहे. ब्रिटिश राजसत्तेशी निष्ठा असलेल्या फ्लॅनिगन यांच्या पत्नीने मुकुटाचा हट्ट धरला आणि आयरिश राष्ट्रवादी पतीने तो पायदळी येईल असा बसवला, अशी आख्यायिका बेलफास्टमध्ये सांगतात.

पुढे याच राजकीय दुहीतून उसळलेल्या हिंसाचारात समोरच्या युरोपा हॉटेलवर तीसहून अधिक वेळा बॉम्बहल्ले झाले आणि त्यांची झळ क्राउनलाही बसली. अशा काळात, 1978 साली, ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेने ही वास्तू विकत घेतली. कवी जॉन बेट्जमन यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. 1981 साली सुमारे चार लाख पौंड आणि 2007 साली सुमारे पाच लाख पौंड खर्चून तिची डागडुजी झाली. ट्रस्टने तिचे संग्रहालय केले नाही, हा निर्णय मला फार योग्य वाटतो: गॅसचे दिवे तसेच ठेवून तिथे पब चालू राहिला आणि कप्प्यांत बसायला आजही गिऱ्हाईक येते.