धावू नको, असा कौल

नमस्कार श्रोतेहो.

खेळाडूची श्रद्धा म्हटली की ट्रॅकला हात लावून तो कपाळाला लावणारी मुले डोळ्यांपुढे येतात. शर्यतीच्या आधी सगळेच भाविक असतात, त्याचे मला फारसे कौतुक नाही. डॉक्टर ‘आता धावायचे नाही’ म्हणतात, तेव्हा त्या श्रद्धेचे काय होते, त्याबद्दल आज बोलायचे आहे.

मी डिचोली तालुक्यातली. कॉलेजात असताना ५,००० आणि १०,००० मीटर धावायचे. ४०० मीटरच्या ट्रॅकवर १०,००० म्हणजे २५ फेऱ्या. गोव्यात हे सोपे नाही. चार महिने पाऊस, आणि एरवी हवा इतकी दमट की घाम वाहतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग तापलेलेच राहते. त्यात आमच्याकडे खाणीचे ट्रक. ते सुरू झाले की रस्ता त्यांचा आणि धूळ आपली. म्हणून उजाडायच्या आत धावून घ्यायचे.

चतुर्थी आटोपली, पाऊस ओसरला, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची तयारी वाढली आणि उजव्या नडगीत आतल्या बाजूने दुखू लागले. एका बोटाने दाखवता येईल एवढीच जागा, पण पाऊल टेकले की तिथेच कळ. मैदानावर कुणीतरी ‘नाटक’ म्हणूनही मोकळे झाले. एक्स-रे स्वच्छ आला, मग तर बोलायलाच नको. हाडातली ही बारीक चीर सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. ती दिसली एमआरआयमध्ये.

डॉक्टरांनी नीट समजावले. धावताना हाडाची थोडी झीज होते, विश्रांतीत ती भरून येते. धावणे वाढले आणि खाणे तेवढेच राहिले की भरून यायला वेळही मिळत नाही आणि बळही. मग त्यांनी विचारले, पाळी नियमित येते का? येत नव्हती. हे रेडिओवर बोलतात का, असे कुणाला वाटेल. बोलायलाच हवे. धावणाऱ्या मुलीची पाळी थांबली तर ‘व्यायामाने होते तसे’ म्हणून सोडून देऊ नये. अन्न कमी पडत असल्याची ती खूण असू शकते, आणि त्यात हाडे कमकुवत होतात. सहा ते आठ आठवडे धावणे बंद, आणि पोटभर जेवण, एवढेच त्यांनी लिहून दिले.

आईचा डॉक्टरांवर विश्वास होता, पण देवीला विचारल्याशिवाय आमच्या घरात काही ठरत नाही. सातेरीच्या देवळात प्रसाद लावला, म्हणजे देवीचा कौल मागितला. भटजींनी पाकळ्या पाण्यात भिजवून मूर्तीवर चिकटवल्या, गाऱ्हाणे घातले, ‘पोरीने यंदा धावावे काय?’ आम्ही हात जोडून उभ्या. बराच वेळ काहीच हलेना. मग डावीकडची पाकळी सुटली, म्हणजे नकार. धावू नको.

विज्ञान शिकणारी मी, पाकळी ओली असते, कधीतरी पडणारच, हे मला कळत होते. तरी त्या दिवशी छातीवरचा दगड उतरला. डॉक्टरांनी सांगितले होते तेव्हा तो पराभव वाटला होता. देवीने सांगितले तेव्हा ती आज्ञा झाली, आणि आज्ञा पाळायला जिद्द लागते. ती माझ्याकडे होती.

प्रश्न राहिला सोमवारच्या उपासाचा. लहानपणापासून धरलेला, आणि डॉक्टर तर म्हणतात एकही जेवण चुकवू नको. आईने दोन मिनिटांत निकाल दिला. ‘तुझा उपास आजपासून मी धरते. तू जेव गो. देवाला मी सांगते.’ तिच्या स्वतःच्या सोमवारावर माझा सोमवार चढला, म्हणजे नेमके काय वाढले हे मी विचारले नाही. माझ्या ताटात मात्र मासळी वाढली.

त्या आठवड्यांत मैत्रिणी बांबोळीच्या स्टेडियमवर सरावाला जायच्या आणि मी कदंब बसच्या खिडकीतून बघत घरी यायचे. चिकाटी म्हणजे पडून उठणे, असे आपण मुलांना सांगतो. १९७२ साली म्युनिच ऑलिंपिकला फिनलंडचा लासे विरेन १०,००० मीटरच्या अंतिम शर्यतीत पडला, उठला आणि विश्वविक्रम करून जिंकला. भाषणाला छान आहे. पण चीर गेलेले हाड घेऊन लगेच उठणारा वर्षभर बसतो. मला अविनाश साबळे जवळचा वाटतो. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा मुलगा टोकियो ऑलिंपिकला राष्ट्रीय विक्रम करूनही स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या ३,००० मीटर शर्यतीच्या, अंतिम फेरीत पोचला नाही. पुढच्याच वर्षी, २०२२ ला, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत त्याने रौप्य घेतले. सुवर्ण हुकले ते ०.०५ सेकंदाने. २०२५ मध्ये मोनॅकोत गुडघा दुखावला आणि शस्त्रक्रिया झाली. अशा वेळी त्याच्यासारख्यालाही बसूनच राहावे लागते.

माझी त्या वर्षीची स्पर्धा गेली ती गेलीच. पुढच्या वर्षी बांबोळीला १०,००० मीटरमध्ये तिसरी आले. आई बघायला आली होती. फेऱ्या मोजता मोजता तिचा हिशेब चुकला, आणि एक फेरी उरलेली असतानाच ती उठून टाळ्या वाजवू लागली. लोक वळून बघत होते.

आता माझे धावणे सुटून बरीच वर्षे झाली. आई माझा सोमवार अजून धरते. सोडायचा का, हे देवीला विचारूया म्हटले तर ऐकत नाही. म्हणते, ‘चाललेय ते चालू दे.’