पाळणा लांबला त्याची गोष्ट : मॉरिशसचा घटता जननदर

मित्रहो, आज ज्या देशाबद्दल बोलायचे आहे तो क्षेत्रफळाने आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढा आहे. मॉरिशसचे एकूण क्षेत्रफळ सुमारे 2,040 चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. गिरमिटिया मजूर म्हणून 1834 पासून तिथे गेलेल्या भारतीयांत कोकणातली मराठी माणसेही होती, त्यांच्या वंशजांचा समाज तिथे आजही नांदतो आणि गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. लोकसंख्येच्या अभ्यासकांना मात्र या बेटाचे आकर्षण वेगळ्याच कारणासाठी आहे. एका स्त्रीला तिच्या आयुष्यात सरासरी किती मुले होतात, हे सांगणाऱ्या आकड्याला आपण एकूण जननदर म्हणतो. 1960च्या दशकाच्या आरंभी मॉरिशसमध्ये तो 6च्या घरात होता आणि दहा वर्षांत तो साडेतीनच्या खाली आला. एवढ्या थोड्या काळात, कोणतीही सक्ती न होता, इतकी मोठी घट त्या काळी फार थोड्या देशांनी पाहिली होती.

ही घट का झाली, हे पाहण्याआधी लोकसंख्या वाढली कशी, ते पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच तिथे डीडीटी फवारून मलेरियाविरुद्ध मोहीम राबवली गेली आणि दहा-बारा वर्षांत मृत्युदर निम्म्याहून खाली आला. जन्म होते तसेच राहिले. परिणामी 1952च्या जनगणनेत 5 लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या 1962 मध्ये 6 लाख 80 हजारांवर गेली. 1960च्या चक्रीवादळांनी घरे आणि ऊस दोन्ही आडवे केले, तेव्हा तर ही माणसे खाणार काय, हा प्रश्न कोणालाही टाळता येईना. ऊस सोडला तर बेटावर दुसरे मोठे उत्पन्न नव्हते. ब्रिटिश वसाहत सरकारने बोलावलेल्या तज्ज्ञांचे दोन अहवाल याच सुमारास आले. जेम्स मीड यांचा अहवाल अर्थव्यवस्थेवर होता आणि रिचर्ड टिटमस व ब्रायन एबल-स्मिथ यांचा सामाजिक धोरणांवर. जन्म याच गतीने होत राहिले तर शतक संपताना बेटावर सुमारे 30 लाख माणसे असतील, असा तेव्हाचा हिशेब होता. प्रत्यक्षात 2000च्या जनगणनेत आकडा 12 लाखांपर्यंतही पोचला नाही. मीड यांना पुढे 1977 मध्ये नोबेल मिळाले, पण मॉरिशसबद्दलची त्यांची निराशा खोटी ठरली, हे विकासाच्या अर्थशास्त्रात आजही थोड्या मिश्कीलपणे सांगितले जाते.

आता नेहमीचे स्पष्टीकरण असे असते की, कापड आणि तयार कपड्यांचे कारखाने आले, बायका कामावर जाऊ लागल्या आणि मुले कमी झाली. ऐकायला हे पटते, पण सनावळी जुळत नाही. निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा, म्हणजे परदेशी विकायचा माल बनवणाऱ्या कारखान्यांना सवलती देणारा कायदा 1970चा. त्यातले कारखाने बायकांनी भरू लागले ते त्यानंतर. माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत झाले 1977 मध्ये. जननदराची सर्वांत मोठी घसरण मात्र 1962 ते 1972 या काळातली आहे, म्हणजे देश गरीब होता, बेकारी वाढत होती आणि 12 मार्च 1968 रोजी मिळालेल्या स्वातंत्र्याचे पुढे काय होणार याची कोणालाच खात्री नव्हती, तेव्हाची. माझ्या मते संपन्नतेने पाळणा लांबला असे म्हणण्यापेक्षा, ओढगस्तीत सापडलेल्या पण शाळेची तोंडओळख झालेल्या कुटुंबांनी तो लांबवला, असे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ जाईल.

त्या लांबण्याचा पहिला टप्पा लग्नाचे वय हा होता, आणि आपल्याकडच्या चर्चेत नेमकी हीच गोष्ट निसटते. मुली प्राथमिक शाळेत जाऊ लागल्या होत्या, बेकार मुलाला कोणी सहजासहजी मुलगी देत नव्हते, आणि त्यामुळे विशेषतः भारतीय वंशाच्या कुटुंबांत लग्ने दोन-तीन वर्षांनी पुढे गेली. ज्या समाजात लग्न झाले की वर्षा-दोन वर्षांत पाळणा हलतो, तिथे लग्न उशिरा होणे हे स्वतःच मोठे संततिनियमन असते. दुसरा टप्पा लग्नानंतरचा. आपली मुले जगतात याची मलेरिया गेल्यावर आईबापांना खात्री पटली होती, आणि नेमक्या त्याच वेळी साधनेही हाताशी आली.

साधने कशी आली, हा भाग तर मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. 1957 मध्ये स्थापन झालेली कुटुंबनियोजन संघटना गोळ्या आणि इतर आधुनिक साधने देत होती. बेटावर कॅथलिक समाज मोठा, आणि चर्चचा कृत्रिम साधनांना विरोध. तेव्हा 1963 मध्ये कॅथलिकांचीच ‘आक्स्यों फामिलियाल’ ही संस्था उभी राहिली. शरीराचे तापमान आणि पाळीच्या दिवसांची नोंद ठेवून गर्भधारणा टाळण्याची नैसर्गिक पद्धत ती जोडप्यांना घरोघरी शिकवू लागली. सरकारने या दोन्ही संस्थांना पैसे दिले. धर्म कोणता, साधन कोणते, यावर वाद घालण्यात दहा वर्षे घालवली असती तर ती घसरणीचीच दहा वर्षे होती. 1972च्या सुमारास कुटुंबनियोजन संघटनेचे दवाखाने सरकारने आपल्या माता-बाल आरोग्य सेवेत सामावून घेतले.

1980च्या दशकाच्या मध्यापर्यंत जननदर 2.1च्या, म्हणजे लोकसंख्या स्थिर ठेवणाऱ्या पातळीच्या, आसपास आला. तिथे तो थांबेल अशी पाठ्यपुस्तकांची समजूत होती. तो थांबला नाही. कारखान्यांतल्या नोकऱ्या, शिक्षण आणि शहरी घरांचा खर्च यांचा परिणाम खरा दिसला तो इथून पुढे. आज तो 1.4च्या जवळपास आहे, वर्षाला 12 हजारांच्या आसपास मुले जन्मतात आणि मृत्यूंचा आकडाही जवळजवळ तेवढाच झाला आहे. कारखान्यांत काम करायला बांगलादेश, भारत, नेपाळ आणि मादागास्करहून माणसे आणावी लागतात. ज्या बेटावर एके काळी हातांना काम नव्हते, तिथे आता कामाला हात नाहीत.

यातून उभा राहिलेला सर्वांत कठीण प्रश्न निवृत्तिवेतनाचा आहे. मॉरिशसने 1958 मध्येच, श्रीमंत-गरीब न पाहता, साठी ओलांडलेल्या प्रत्येक नागरिकाला वेतन देण्याचे ठरवले. त्या वेळी म्हातारे थोडे होते आणि मुले भरपूर. शिवसागर रामगुलाम यांनी देशाला स्वातंत्र्यापर्यंत नेले. त्यांचे पुत्र नवीन रामगुलाम यांच्या सरकारने जून 2025च्या अर्थसंकल्पात हे वय टप्प्याटप्प्याने 65 पर्यंत नेण्याचे जाहीर केले आणि लोक रस्त्यावर उतरले. त्या संतापामागचा हिशेब सरळ आहे. 1963 मध्ये सहा भावंडांच्या घरात जन्मलेला माणूस आता साठी ओलांडून बसला आहे. त्याला स्वतःला एक किंवा दोन मुले आहेत, आणि त्याच्यासारखी त्याची भावंडेही सरकारच्या त्याच खिडकीसमोर उभी आहेत.